वीज बाजारात दुपारी भाव कोसळतात, तरी माझे बिल का उतरत नाही? घरी बॅटरी घ्यावी का?

आपण लिहिले आहे की, आपले नागपुरात बेसा भागात स्वतःचे घर आहे, महिन्याला सरासरी साडेतीनशे युनिट वीज लागते, आणि दुपारी वीज जवळजवळ फुकट विकली जात असल्याच्या बातम्या वाचून सौर संचासोबत बॅटरीही घ्यावी का, असा प्रश्न आपल्याला पडला आहे. वीजदरांचा हिशेब हाच माझा व्यवसाय असल्यामुळे उत्तर आधीच सांगतो: सौर संच बसवावा, परंतु बॅटरीचा निर्णय बाजारभावाच्या बातमीवरून घेऊ नये.

बातमी खोटी नाही. इंडियन एनर्जी एक्स्चेंज या वीज खरेदी-विक्रीच्या बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागाचा भाव स्वतंत्रपणे ठरतो. दुपारी राजस्थान-गुजरातपासून सगळीकडची सौर वीज एकदम येते, तेव्हा भाव पडतो; सूर्य मावळला की तीच मागणी कोळसा आणि जलविद्युत यांच्यावर येते आणि भाव कधी कधी युनिटमागे १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. २०२५च्या मे महिन्यात, ऐन नवतप्याच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) तोंडावर अवकाळी पावसाने उकाडा आणि मागणी दोन्ही उतरवली, तेव्हा दुपारी काही काळ भाव शून्यापाशी आला होता. जर्मनीत तर २०२४ मध्ये ४५७ तास घाऊक भाव शून्याच्याही खाली होता, म्हणजे वीज देणाऱ्यालाच पैसे मोजावे लागत होते.

मात्र हा भाव आपल्या मीटरपर्यंत पोहोचत नाही. महावितरण आपली बहुतांश वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी घेते आणि त्या करारांत वीज उचलली वा न उचलली तरी वीज केंद्राचा स्थिर खर्च द्यावाच लागतो. आपल्या शेजारचे कोराडी किंवा खापरखेडा केंद्र दुपारी भार कमी करून चालवले, तरी त्याच्या उभारणीवरील कर्जाचे व्याज आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबत नाहीत. हे सगळे एकत्र करून महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर ठरवतो, आणि आपल्या बिलावर वीज आकाराशिवाय स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क अशा ओळी दिसतात त्या यामुळेच. एक्स्चेंजवरचा दुपारचा स्वस्त भाव या ढिगाऱ्यात कुठे विरून जातो, हे ग्राहकाला कळतसुद्धा नाही.

आता सौर संचाकडे येऊ. घरगुती दरात शंभर युनिटांनंतरच्या टप्प्यात युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो, आणि सौर वीज आपल्या बिलातील नेमके हेच महागडे युनिट आधी कापते. एक किलोवॉटला वर्षाला साधारण १,४०० युनिट धरले, तर तीन किलोवॉटचा संच महिन्याला सरासरी साडेतीनशे युनिट देईल, म्हणजे आपली गरज भागेल. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये अनुदान थेट खात्यात जमा होते. त्यासाठी पॅनेल भारतात बनलेल्या सौर सेलचे असणे आवश्यक आहे. अनुदान वजा जाता सव्वा लाखाच्या आसपास खर्च आणि वर्षाला तीस हजारांच्या घरात बचत धरली, तर संच सुमारे चार वर्षांत फिटतो. विक्रेता याहून फार कमी वर्षे सांगत असेल, तर त्याने हिशेबात ऑगस्ट महिना धरलेला नाही असे समजावे.

नागपूरकरांचा आणखी एक गैरसमज असतो की, मे महिन्यात ऊन सर्वांत कडक, म्हणून उत्पादनही त्याच प्रमाणात वाढत असेल. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मेच्या दुपारी काच ६५ अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते, म्हणजे चौदा टक्के तिथेच गेले. माझ्या घरच्या सौर इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरच्या वापरायोग्य करणाऱ्या यंत्रावर) फेब्रुवारीच्या निरभ्र दुपारी दिसणारा आकडा मेच्या दुपारी दिसत नाही. दिवस मोठा असल्याने दिवसभराची बेरीज भरून निघते, एवढेच.

बॅटरीचे गणित मात्र वेगळे आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी आपण महावितरणच्या जाळ्यात (ग्रिडमध्ये) सोडलेले युनिट रात्री एसी-कूलर लावल्यावर परत वळते होतात, म्हणजे साठवणुकीचे काम महावितरणच करून देते आणि तेही बॅटरीची किंमत न घेता. ज्यांच्याकडे सौर संच नाही, पण स्मार्ट टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) आहे, त्यांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत मिळते. दुपारी पाच युनिट साठवून रात्री वापरले, तरी बचत रोज पाच रुपये, वर्षाला अठराशे. एक लाखाची बॅटरी अठराशेने फेडायला पंचावन्न वर्षे लागतील. बॅटरीचे आयुष्य दहा-पंधरा वर्षे. टाकीची मोटर, वॉशिंग मशीन आणि गिझर दुपारकडे सरकवून हीच सवलत एक पैसाही न गुंतवता मिळते.

बॅटरी घेण्याचे एक खरे कारण आहे, ते म्हणजे वीज जाणे. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे जाळ्याला जोडलेला, इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच सुरक्षेसाठी स्वतःही बंद पडतो, त्यामुळे छतावर ऊन रणरणत असतानाही घरात पंखा फिरत नाही. मेच्या वादळात आपल्या भागात तासन् तास वीज जात असेल, घरी वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर लहान बॅटरी घ्यावी. पण ती सोय म्हणून, गुंतवणूक म्हणून नव्हे. ती लिथियम आयर्न फॉस्फेटची असावी आणि गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत नव्हे, तर तळमजल्यावर सावलीत ठेवावी, कारण उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

थांबण्यातही फायदा आहे. लिथियम बॅटरीच्या पॅकची जगभरातील सरासरी किंमत २०२४ मध्ये किलोवॉट-तासाला ११५ डॉलरवर उतरली, एका वर्षात सुमारे वीस टक्क्यांनी. आपल्याकडील मोठ्या साठवण प्रकल्पांत तर २०२२ मध्ये साठवण क्षमता वापरू देण्याचा मेगावॉटमागे महिन्याला १०.८४ लाख रुपये हा दर लागला होता आणि २०२४ अखेर राजस्थानातील निविदेत तो सव्वादोन लाखांच्या आसपास आला. दुपार आणि रात्र यांच्या घरगुती दरांतील फरक कधी पाच-सहा रुपयांवर गेला, तर आजच्याच किमतीची बॅटरीही नऊ ते अकरा वर्षांत फिटेल, आणि तोवर किंमत आजचीच राहण्याची शक्यता कमी. म्हणून आता संच घेताना हायब्रिड (पुढे बॅटरी जोडता येणाऱ्या) इन्व्हर्टरचा दरफरक विक्रेत्याकडून लेखी मागवावा, तो पंधरा-वीस हजारांच्या आत असेल तर तोच बसवावा, आणि तळमजल्यापर्यंत वायरिंगसाठी एक रिकामा पाइप आताच टाकून घ्यावा.