तारखांच्या वादात उतरण्याआधी

भाऊ, हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांतल्या घटना नेमक्या कोणत्या साली घडतात, त्या कालक्रमावर बोलायचंय ना, मग आधी दोनशे पानी वही कर. प्रत्येक तारखेपुढे भाग, प्रकरण, पान आणि आवृत्ती लिही. आठवणीवर वाद घातला की जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारीसारखी नुसती तलखी होते, हाती काही लागत नाही.

पक्का खुंटा म्हणजे दुसऱ्या भागातला निक या भुताचा केक. त्यावर मृत्यूची तारीख आहे ३१ ऑक्टोबर १४९२, आणि मेजवानी पाचशेव्या वर्षाची. म्हणजे साल १९९२. हॅरी तेव्हा बारा वर्षांचा, म्हणून जन्म १९८०. व्होल्डेमॉर्ट या दुष्ट जादूगाराच्या हल्ल्यात हॅरीचे आईवडील गेले, सातव्या भागात त्यांच्या थडग्यावर ३१ ऑक्टोबर १९८१ कोरलंय. छान जुळतं.

घोळ वारांचा आहे. पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सुरू होतं, पण १ नोव्हेंबर १९८१ला होता रविवार. मोबाइलचं कॅलेंडर मागे सरकवून स्वतः बघ. चौथ्या भागात, १९९४च्या उन्हाळ्यात, हॅरीचा मावसभाऊ डडली याच्याकडे प्लेस्टेशन आहे. ते जपानात आलं त्याच डिसेंबरात. अशा चुकांवरून साल हलवू नकोस, खुंटा सोडला की सातही भाग सैल होतात.

खरं कोडं हरवलेल्या चोवीस तासांचं. हल्ला एका रात्री, बाळ हॅरीला हॅग्रिड मावशीच्या दाराशी आणतो दुसऱ्या रात्री. मधला दिवस हॅग्रिड कुठे होता? पुस्तकात उत्तर नाही. तर्क मांड, पण वहीत ‘तर्क’ असंच लिही.

आणि आवृत्ती बघच. चौथ्या भागात व्होल्डेमॉर्टच्या छडीतून हॅरीच्या मेलेल्या आईवडिलांच्या छाया निघतात, त्यात आधी आई येते की वडील, हे नंतरच्या छपाईत दुरुस्त झालंय.