पन्हाळ्याकडं आमच्या शेतात खासगी मातीचा बांध आहे. पायथ्याशी पाणी झिरपतंय, धोका आहे का?

थोडं झिरपणं मातीच्या बांधाला असतंच, पाणी कसं येतंय ते बघा. काचेच्या ग्लासात धरून दहा मिनिटं ठेवा. तळाला गाळ बसला तर बांधाच्या पोटातली माती वाहतेय. मग त्याच दिवशी खालच्या वस्तीला आणि तलाठ्यांना कळवा.

बाहेरून चिखल थापून तोंड बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटतं. आधी वाळू, त्यावर बारीक खडी, वर दगड असा थर द्या. पाणी निघेल, माती अडेल. तळ्याची पातळी उतरवा, पण हळूहळू. झपाट्यानं उतरवली तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो.

खेकड्यांची बिळं तपासा. आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, मे महिन्यातच साफ करा, आपल्याकडचा जुलैचा पाऊस माहीतच आहे. पाणी माथ्यावरून गेलं की मातीचा बांध बघता बघता कापला जातो.