फिनेलमागची बाटली

ऐरोलीहून आलेलं पत्र थोडक्यात असं: 'मावशी, वय ३७. दोनेक वर्षांपासून भांग रुंद होत चाललाय, आईचाही असाच झाला होता. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला आणि दिवाळीच्या सुमाराला केस मुठीमुठीने गळायला लागले. मैत्रिणीच्या सांगण्यावरून केस वाढवायला डोक्याला लावायचं औषध, मिनॉक्सिडिल ५ टक्के, आणलं. महिनाभर लावलं तर गळती वाढलीच, म्हणून घाबरून बंद केलं. बाटली बाथरूममध्ये फिनेलच्या मागे लपवलीय. सासूबाई म्हणतात तेल लाव, नवरा म्हणतो मला तर काही दिसत नाही. लोकलमध्ये बसले की उभ्या बायका माझ्या टाळूकडेच बघतात असं वाटतं. गजरा माळायची वेळ येईल म्हणून संक्रांतीची हळदीकुंकवं टाळली. पुन्हा सुरू करू का? आणि हे जन्मभर लावावं लागतं का?'

अगं, ठाणे-वाशी लोकलमधल्या त्या उभ्या बायका तुझ्या टाळूकडे नाही, तू कुठे उतरणार याकडे बघतात.

आता औषधाचं. बंद करायला तू नेमका चुकीचा मुहूर्त निवडलास. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत बऱ्याच जणींचे केस जास्त गळतात. विश्रांतीत गेलेले, तसेही पडणारच असलेले केस नव्यांना जागा देऊन आधी निघून जातात. काही आठवड्यांत हे थांबतं. बाटली हातात देताना मैत्रिणीने एवढं सांगायला हवं होतं.

तरी लगेच सुरू करू नकोस. तुझ्या पत्रात मला दोन वेगळी दुखणी दिसतात. मोठ्या तापानंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. ऑगस्टचा डेंग्यू, दिवाळीची गळती, हिशोब जुळतो. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपली आपण भरून येते. रुंद होणारा भांग मात्र आईकडून आलेला दिसतो. त्यात गळून पुन्हा उगवण्याच्या दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक उगवतो, आणि तो वाट बघून सुधारत नाही. मिनॉक्सिडिलचा खरा उपयोग तिथे. कशाचा वाटा किती, हे त्वचारोगतज्ज्ञ टाळू बघून सांगतील. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगतील. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर तेही बोल. खासगी फी परवडत नसेल तर कळव्याचं पालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुला जवळ आहे. 'आज पैसे भरा, पॅकेजवर सूट' म्हणणाऱ्या हेअर क्लिनिकात मात्र पाऊल टाकू नकोस.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि त्यातून हे डोक्याला लावायचं औषध निघालं. अमेरिकेत १९८८ साली पुरुषांसाठी आणि १९९१ साली बायकांसाठी त्याला मान्यता मिळाली. बायकांना सहसा २ टक्के दिवसातून दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फेस एकदा देतात. तुला कोणतं, ते डॉक्टर ठरवतील. ते कोरड्या टाळूला लावायचं, केसांना नाही. कपाळावर ओघळलं तर तिथे लव येते. खाज सुटली तर डॉक्टरांना सांग; पुष्कळदा ती द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे असते, फेसात ते नसतं. दिवस राहिले असतील, तसा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर हे औषध लावायचं नाही.

चार महिने काही दिसलं नाही तरी चालेल, सहा महिन्यांनी एकाच उजेडात काढलेले भांगाचे फोटो शेजारी ठेवून बघ. विरळ होणं थांबलं आणि थोडी भर पडली, तर ते यश समज. कॉलेजातली वेणी परत येणार नाही. आणि हो, फायदा हवा तोवर लावावं लागतं. सोडलं की तीन-चार महिन्यांत मिळवलेलं जातं.

म्हणूनच मला ती फिनेलमागची बाटली खटकते. रोज लावायचं औषध एका बाथरूमच्या घरात वर्षानुवर्षं चोरून लावता येत नाही. पाहुणे आले की एक दिवस चुकतो, मग चार. नवऱ्याला स्पष्ट सांग: 'तुला दिसत नसेल, मला रोज दिसतं. दरमहा एवढा खर्च आहे आणि हे मी लावणार आहे.' तो धीर द्यायलाच तसं म्हणत असेल, पण त्या धीराने तू एकटी पडलीस. सासूबाईंशी वाद घालू नकोस. तेलाने केस उगवत नाहीत, पण रविवारी नहाण्याआधी त्यांच्या हातची चंपी करून घ्यायला काय हरकत आहे? मला कुणी करून दिली तर मी नाही म्हणणार नाही.

गजऱ्याचं म्हणशील तर या प्रकारात मागचे केस सहसा दाट राहतात. खाली सैल अंबाडा घाल, पिना तिथेच लाव, भांग थोडा बाजूला घे. घट्ट ओढून बांधू नकोस, त्याने मुळं दुखावतात. केसांच्या रंगाची फायबर पावडर मिळते, तीही वापर, त्यात फसवणूक कसली?

एक राहिलं. घरात मांजर असेल तर औषध लावलेल्या डोक्याजवळ आणि उशीवर तिला येऊ देऊ नकोस, हात धुतल्याशिवाय तिला घेऊ नकोस. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी असतं, थोडं चाटलं तरी जिवावर बेततं.