रोज पाचला उठतो, वहीत लिहितो, तरी पैसा टिकत नाही

"मॅडम, मी सगळं करतोय. पाचला उठतो, ध्यान करतो, रोज वहीत लिहितो, समोरच्या भिंतीवर स्वप्नांची चित्रं चिकटवलेला व्हिजन बोर्ड लावलाय, तरी महिनाअखेरीस खात्यात खडखडाट. माझ्या मनातच पैशाबद्दल काही ब्लॉक आहे का?"

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की त्यावर एकदा लिहायचंच होतं. ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांची परवानगी घेतलीये, आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

हे गृहस्थ चाळिशीला टेकलेले, घरून काम करणारे डिझायनर, कामाला एकदम चोख. पहिल्याच दिवशी त्यांनी बॅगेतून वही काढून माझ्यासमोर ठेवली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे हाताळून हाताळून मऊ पडलेले. आत पानामागून पान एकच वाक्य, 'पैसा माझ्याकडे सहज येतो', रोज एकवीस वेळा, आणि नीट बघितलं तर पहिल्या दोनतीन ओळी सुबक अक्षरात आणि शेवटच्या पाचसहा अशा घसरत गेलेल्या, शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावल्यावर जसं होतं ना, अगदी तसं.

आता माझा या अफर्मेशन प्रकारावर, म्हणजे मनाला पटावं म्हणून एकच वाक्य घोकत राहण्यावर, काही राग नाही, कुणाला त्याने सकाळी बरं वाटत असेल तर वाटू दे की. फक्त त्यात एक गोची आहे. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २००२ सालचा एक अभ्यास आहे, शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या मुलांवर केलेला. ज्यांनी झकास नोकरीची गोड चित्रं मनात जास्त रंगवली होती, त्यांनी दोन वर्षांनी बघितलं तर अर्ज कमी केलेले, ऑफर कमी आलेल्या आणि पगारही कमी. आणि ज्यांना साधा भरवसा होता की आपल्याला काम मिळेल, त्यांचं उलट बरं चाललेलं. म्हणजे भरवसा वेगळा आणि दिवास्वप्न वेगळं, मन स्वप्नातच पोट भरून घेतं आणि मग हात हलत नाहीत. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते थोडे दुखावले, साहजिक आहे, तीन वह्या भरल्या होत्या त्यांनी.

मग मी विषय बदलल्यासारखं करून विचारलं, "शेवटचं बिल कधी पाठवलंत?"

"पाठवायचंच आहे."

"कुठलं?"

थोडा वेळ गप्प. मग लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला. ड्राफ्ट्समध्ये चार मेल पडून होत्या, चारही बिलाच्या, सगळ्यात जुनी सात आठवड्यांपूर्वीची. प्रत्येकीची सुरुवात साधारण अशी, 'आपल्याला त्रास देतोय त्याबद्दल माफ करा, घाई अजिबात नाही, पण जमलं तर...' आणि पुढे अर्धवट सोडलेलं. काम पूर्ण झालेलं, समोरचा खूश, आणि बिलच गेलेलं नाही! पैसा टिकत नाही म्हणून हा माणूस माझ्याकडे आलेला आणि तो पैसा तिकडून अजून निघालेलाच नव्हता.

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. बँकेच्या ॲपचे नोटिफिकेशन बंद करून ठेवलेले. क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट उघडायचंच नाही, मिनिमम रक्कम तेवढी भरून मोकळं व्हायचं, बाकीवर व्याज चढत राहतं ते माहीत असून. खात्यात पैसे असताना बिलं उशिरा भरून दंड दिलाय असंही एकदोनदा झालेलं. हे आळशीपणाचं लक्षण नाहीये हां. जॉर्ज लोवेनस्टाइन हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गुंतवणूकदारांबद्दल दाखवलं होतं की शेअर बाजार चढा असला की लोक आपलं खातं उघडून उघडून बघतात आणि पडला की बघणंच कमी करतात. याला शहामृगाचं नाव दिलंय, बिचारा शहामृग खरं तर वाळूत डोकं वगैरे काही खुपसत नाही, पण माणसं खुपसतात.

तिसऱ्या भेटीत त्यांनी ती गोष्ट सांगितली. लहानपणी उसने दिलेले पैसे परत मागायला घरी लोक यायचे, आणि वडील आतल्या खोलीत बसून या सात-आठ वर्षांच्या पोराला दाराशी पाठवायचे, बाबा घरी नाहीत म्हणून सांगायला. "तो माणूस माझ्याकडे बघायचा ना मॅडम, त्याला माहीत असायचं मी खोटं बोलतोय, आणि तरी तो हसून निघून जायचा." मला विचाराल तर त्यांचा मनातला ब्लॉक तो एवढाच होता. पैसे मागणारा माणूस म्हणजे दारात उभा असलेला तो, आणि आपण तसं कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. आणि पैशाचा विषय निघाला की आतल्या खोलीत जाऊन बसायचं. मागणंही नको आणि बघणंही नको, दोन्ही एकाच दारातून आलेलं.

इथे मी एक चूक केली ती सांगायला पाहिजे. हे सगळं कळल्यावर मला भयंकर उत्साह आला आणि मी त्यांना एक्सेल शीट दिली, खर्चाचे चौदा रकाने, आठवड्याचं बजेट, कर्जफेडीचा तक्ता. काय झालं असेल? पुढच्या दोन भेटींना माणूस गायब. तब्येत बरी नाही असा मेसेज. जो माणूस बॅलन्सचा एक आकडा बघायला घाबरतो त्याला मी शंभर आकडे बघायला बसवत होते, शहाणपणच म्हणायचं माझं. (तसं पैशाचा विषय काढताना मीही घुटमळते, आमच्या व्यवसायात ते शोभत नाही असं आम्हीच ठरवून टाकलंय.)

परत आले तेव्हा शीट रद्द केली आणि फक्त दोन गोष्टी ठेवल्या. एक, लॅपटॉप उघडला की मेल बघायच्या आधी खात्यातला आकडा बघायचा आणि त्याच वहीत तारीख घालून लिहायचा. बास. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, वाचवायचं नाही, नुसतं बघायचं. दुसरं, फायनल फाइल पाठवली की ती विंडो बंद करायच्या आधी बिल पाठवायचं. पीटर गोलविट्झर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं या विषयावर बरंच काम आहे, १९९० च्या दशकातलं, की 'मी आता नियमित करेन' असं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की लगेच तमुक' असं बांधून टाकलं तर माणूस ते जास्त करतो, कारण त्या क्षणी ठरवायला काही उरतच नाही. आणि ठरवायला वेळ मिळाला की आमचे हे गृहस्थ माफी मागायला सुरुवात करायचे.

पहिलं बिल माझ्यासमोर बसून पाठवलं. 'त्रास देतोय' खोडलं, 'घाई नाही' खोडलं, 'माफ करा' मात्र राहिलं. त्यावर कर्सर नेऊन ठेवला, माउसवरचा हात काढला, पाणी प्यायले, चष्मा पुसला. मी काहीच बोलले नाही. वीसेक मिनिटांनी ते दोन शब्द गेले आणि उरलं ते असं, 'सोबत बिल जोडलंय. मुदत १५ दिवस.' सेंड दाबून त्यांनी लॅपटॉप असा मिटला जसं काही आत साप आहे. सेशन संपायच्या आत उत्तर आलं, 'अरे वाटच बघत होतो, अकाउंट्सवाले दोनदा विचारून गेले.' दोनदा! हे वाचताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, म्हणजे आनंद नव्हता तो, फसवलं गेल्यासारखा होता, इतकी वर्षं आपण कुणाला घाबरत होतो असा.

नवव्या दिवशी वहीत आकडा लिहायचा राहिला, दहाव्या दिवशीही, आणि ते आले ते एकदम पडलेल्या चेहऱ्याने, की एकवीस दिवस सलग झाले नाहीत तर सवय लागत नाही ना, आता पहिल्यापासून. हे एकवीस दिवसांचं भूत कुठून आलं माहितीये? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीसेक दिवस जातात. त्यातला 'निदान' गळून पडला आणि चेहराही गळून पडला, राहिला तो नुसता आकडा. प्रत्यक्षात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस निघाले, आणि त्यातही कुणाला १८ तर कुणाला थेट २५४ पर्यंत लागतील असा अंदाज. शिवाय मधला एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नाही हेही त्यांना दिसलं. मी म्हटलं, दोन दिवस गेले तर जाऊ देत, अकराव्याची तारीख घाला.

अडकलेले पैसे आले. आणि त्यांनी पहिलं काय केलं, तर नवीन मॉनिटर घेतला, जुना चांगला चालत असताना. मी हसले, तेही हसले. मग बचतीचं बोलणं निघालं. उरेल ते बाजूला टाकू म्हटलं की काही उरत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि श्लोमो बेनार्त्झींनी एका कंपनीतल्या लोकांकडून आधीच होकार घेऊन ठेवला होता की पगार वाढला की बचतीचा हिस्सा आपोआप वाढेल. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली, आणि रोज मनाशी कुस्ती कुणालाच करावी लागली नाही. यांना पगार नाही, त्यामुळे आम्ही असं ठरवलं की पेमेंट जमा झालं की त्याच दिवशी दहावा हिस्सा दुसऱ्या खात्यात, ज्याचं कार्ड जवळ नाही. दहा टक्के म्हणजे किरकोळ वाटतं, पण दहा महिन्यांत एका महिन्याची अख्खी कमाई बाजूला पडते. सुरुवातीचं सगळं कार्डाच्या थकबाकीत गेलं, ते योग्यच होतं, कार्डाचं व्याज चालू असताना बचतीवरच्या व्याजाचं कौतुक काय करायचं.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण हे वाचून कुणीतरी घरातल्या दुसऱ्याला ऐकवणार की बघ, तुझा माइंडसेटच खराब आहे. यांची कमाई पुरेशी होती, ती वसूल होत नव्हती. ज्याची कमाईच पुरत नाही, घरात आजारपण आहे, खाणारी तोंडं जास्त आहेत, त्याला वही आणि आकडा देऊन मी गप्प बसवणार नाही. सेंधिल मुलैनाथन, एल्डार शफीर आणि सहकारी संशोधकांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात त्यांनी ऊस शेतकऱ्यांच्या डोकं चालवायच्या चाचण्या घेतल्या, तीच माणसं, तोडणीच्या आधी हात तंग असताना आणि नंतर पैसे आल्यावर. आधी घेतलेल्या चाचण्यांत त्यांची कामगिरी खालावलेली होती. तंगी स्वतःच डोकं खाते, अशा वेळी आधी तंगी कमी करायची, सवयीचं नंतर बघू. माझ्याकडे असं कुणी आलं तर मी कर्जाची फेररचना, कामाचा दर, कुठे मदत मिळेल, यावरच बोलते.

आठेक महिने झाले असतील. मागच्या भेटीत वही परत टेबलावर आली, पण उलटी धरलेली, मागच्या बाजूने सुरू केलेली, तारीख आणि आकडा, तारीख आणि आकडा, मध्ये गाळलेले दिवस तसेच गाळलेले. पुढच्या बाजूचं वाक्य कधी थांबलं विचारलं तर म्हणाले आठवत नाही. पाचला अजून उठतात का? सातला उठतात, आणि मला ते फार आवडलं. दोन क्लायंटकडे दरही वाढवून मागितलाय, एकाने दिला, एक सोडून गेला, त्या रात्री झोप नाही लागली म्हणाले.

निघताना दारात थांबले, जरा घुटमळले, चष्मा पुसला.

"मॅडम, मागच्या दोन सेशनचं तुमचं बिल अजून आलं नाहीये."