पोल्ट्रीच्या घाणीवर गॅस चालतो, पण आधी गायी विकू नका

5,000 ब्रॉयलरची शेड आहे, लिटरवर (म्हणजे खाली अंथरलेल्या तुसात मिसळलेल्या विष्ठेवर) बायोगॅस केला तर पिल्लांच्या ब्रूडिंगचं, म्हणजे त्यांना ऊब द्यायचं, सिलिंडर वाचेल का आणि खर्च किती, असं तुम्ही विचारलंय. खर्च गवंडी सांगेल. मी आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण आमच्या घरात यावर अजून दर दिवाळीला भांडण होतं.

आमचं घर निफाड तालुक्यात. 2 घनमीटरचा दीनबंधू प्लँट (जमिनीतली पक्क्या घुमटाची गोबरगॅस टाकी), चार जनावरं, रोजचं 50 किलो शेण. दोन वेळचा स्वयंपाक त्यावर निघायचा. शेड उभी राहिल्यावर थोरले बंधू म्हणाले, 'एवढा उकिरडा फुकट पडलाय, जनावरं कशाला पोसायची?' जनावरं गेली. शेवटची गाय शेजारच्यांनीच घेतली.

मग घमेल्यांनी लिटर ओतायला सुरुवात. पहिले आठ दिवस ज्योत अशी, की बंधूंनी आल्या-गेल्याला चहा पाजला. तिसऱ्या आठवड्यात ज्योत पिवळी पडली, मग विझलीच. आउटलेटमधून बांबू घातला तर वीतभर जाडीचा तुसाचा थर, आणि डोळ्यांतून पाणी काढणारा अमोनियाचा वास. तूस सहजी कुजत नाही, तरंगतं. शिवाय विष्ठेत नत्र फार. शेणात एका भाग नत्रामागे 25च्या आसपास कार्बन असतो, विष्ठेत जेमतेम 10. जिवाणूंना 20 ते 30 लागतो. जास्तीच्या नत्राचा अमोनिया होतो नि गॅस करणारे जिवाणूच बसतात. भरीला शेड धुतलेलं फॉर्मॅलीनचं, म्हणजे जंतू मारायच्या औषधाचं, पाणी उताराने थेट इनलेटमध्ये जात होतं. तो उतारही बंधूंनीच काढलेला.

महिनाभर लिटर बंद केलं. आणि शेण मागायला आईला कुठे जावं लागलं? आमचीच गाय बांधलेल्या गोठ्यात. ती तिथे टोपली घेऊन उभी राहिलेली मी विसरलेलो नाही.

आता तीन घमेली शेणाला एक घमेलं विष्ठा, तीही तूस चाळून, आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त. पिंजऱ्यातल्या लेअरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, विष्ठा बिनतुसाची, म्हणून बरी; पण खाद्यातला शिंपल्याचा चुरा टाकीच्या तळाशी बसतो.

ब्रूडिंगचं विसरा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात 32-33 अंश लागतात, म्हणजे खरी ओढ डिसेंबर-जानेवारीत. नेमकं तेव्हाच निफाडच्या थंडीत टाकी गारठून गॅस निम्म्यावर येतो. उरलेलं लिटर ऑक्टोबर छाटणीआधी द्राक्षवाल्यांना ट्रॉलीने द्या, ते दारात येऊन नेतात.

हां, एक राहिलं. थर फोडायला टाकीत माणूस उतरवू नका, आत गुदमरून जीव जातो. आणि या गॅसात गंधकाचा वायू जास्त असतो, बर्नर गंजतो. पाइपात लोखंडाच्या किसाचा डबा बसवा.

बंधू अजून म्हणतात, चूक तुसाची होती, गायीचा काही संबंध नाही. मागच्या दिवाळीला मी त्यांना चाळणी दिली. अजून माळ्यावर आहे.