प्रश्नोत्तरे : फवारणीचे पाणी

प्रश्न : आमची शेती दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. कपाशीच्या फवारणीला बोअरचे आणि पावसाळ्यात कधी नाल्याचे पाणी वापरतो. औषधाचा व तणनाशकाचा गुण येत नाही, आणि दुकानदार मात्रा दुप्पट करायला सांगतात. दोष औषधाचा की पाण्याचा?

उत्तर : मात्रा वाढवू नका, त्याने खर्च वाढतो आणि पाने करपण्याचा धोकाही असतो. पंपातील द्रावणात बहुतेक वेळा 99 टक्क्यांहून अधिक पाणीच असते, तरीही आपण बाटलीवरची मुदत वाचतो आणि पाणी मात्र न तपासता ओततो, याचे मला फार वाईट वाटते.

तुमच्या पट्ट्यातील भूजल खारे असते आणि त्याचा सामू (pH, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा; 7 च्या वर अल्कधर्मी) अनेक ठिकाणी 8 च्या वर जातो. अशा पाण्यात काही औषधे फवारणीआधीच निकामी होऊ लागतात : कॅप्टन या बुरशीनाशकाचा निम्मा भाग सामू 5 असताना सुमारे 32 तासांत, 7 असताना 8 तासांत, तर 8 असताना अवघ्या 10 मिनिटांत विघटित होतो. मॅलॅथिऑनही अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. त्यामुळे भरलेला पंप जेवणाच्या सुटीत तसाच ठेवू नये.

नाल्याच्या गढूळ पाण्याचा दोष वेगळा आहे. काळ्या मातीचे चिकणकण पॅराक्वाट आणि ग्लायफोसेटला घट्ट धरून ठेवतात, म्हणून तणनाशकासाठी ते पाणी वापरूच नये. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमही ग्लायफोसेटला बांधून टाकतात.

सामू उतरवायला सायट्रिक आम्ल चालते. पण आधी 10 लिटर पाण्यात थोडे थोडे घालून, दर वेळी सामू मोजून प्रमाण ठरवावे, आणि औषध शेवटी मिसळावे. ताम्रयुक्त बुरशीनाशकाच्या पाण्यात आम्ल मुळीच घालू नये, कारण सुटे तांबे वाढून पाने करपतात. इतर औषधांसाठीही लेबल वाचूनच ठरवावे. पत्र्यावरून साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी मिळाले, तर यातली बरीच खटपट वाचते.

अर्थात प्रत्येक अपयश पाण्याच्या माथी मारता येणार नाही. बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत चांगल्या पाण्यातले औषधही पोहोचत नाही.

बोअर काही वेळ चालवून, त्याच पाण्याने विसळलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नमुना घ्या आणि प्रयोगशाळेत सामू, क्षारता, कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट तपासून मागा.