लेकराचे दोन्ही हात एकाच चालीत का पडतात?

"मॅडम, लेकराच्या डोक्यात काही फॉल्ट तर नसंल ना?" अंबाजोगाईजवळच्या गावातली ही आई. दहा वर्षांचा मुलगा भजनी मंडळात पखवाज शिकतो. गुरुजींनी दीडपट लय दिली, म्हणजे डाव्या हाताच्या दोन ठोक्यांच्या वेळात उजव्याचे तीन. उजवा सुरू झाला की डावा त्याच्यामागे धावायचा. त्यात कुणीतरी म्हणालं, याच्या मेंदूचे दोन भाग जुळत नाहीत. झालं, आईची झोप उडाली.

गोष्ट उलटी आहे. दोन्ही हात फार जुळलेले असतात, म्हणूनच ही पंचाईत होते. मेंदूचा डावा भाग मुख्यतः उजवा हात चालवतो, उजवा भाग डावा. मधे मज्जातंतूंचा जाड पूल असतो आणि तो किशोरवयातही पक्का होत राहतो. आईला म्हटलं, दोन्ही तर्जन्या टेबलावर ठेवा. एक उचलाल तेव्हा दुसरी टेकवा. आता वेग वाढवा. बघता बघता दोन्ही बोटं एकदमच आपटायला लागली. वेग वाढला की असंच होतं, हे मेंदू आणि हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ स्कॉट केल्सो यांनी १९८४ मध्ये प्रयोगातून मांडलंय. आई हसली, मुलगा त्याहून जास्त.

मग त्याला म्हटलं, दोन हात वेगवेगळे सांभाळायचा नाद सोड. तुळजापूरला संबळ ऐकताना डावी काठी, उजवी काठी वेगळी ऐकतोस का? एकच चाल ऐकतोस. इथंही सहा सारखे भाग मोज. उजवा १, ३, ५ वर. डावा १ आणि ४ वर. म्हणजे १ वर दोन्ही हात, २ मोकळा, मग उजवा-डावा-उजवा, ६ मोकळा. तो मांडीवर सावकाश वाजवू लागला. चारवर डावा टाकताना दरवेळी जीभ बाहेर यायची. घाई केली की फसायचा, आणि सुरुवातीला फसणारच.

शर्टाची बटणं, सायकल, दोरीची गाठ, सगळं विचारून घेतलं; ठीक होतं. एक हात कायम कमजोर असता किंवा येणारी कामं येईनाशी झाली असती, तर थेट डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

बोलता बोलता कळलं, वडील रोज मोठ्या चुलतभावाशी तुलना करतात. माझ्या मते खरं दुखणं तिथं होतं. पुढच्या वेळी त्यांना सोबत आणा म्हटलं. तोवर पाहुण्यांसमोर पोराला वाजवायला लावायचं नाही.